जुन्या गाडीला ब्रेकचं नवीन सामान टाकलं, तरी ब्रेक नीट लागेना? घाटात उतरण्याआधी हे तपासा

लेण्याद्री : गिरिजात्मजाचं दर्शन घेऊन माळशेजमार्गे कल्याणकडे निघायचं, म्हणजे पुढे घाटाचा उतार ठरलेला. भीमाशंकरहून घोडेगाव-मंचरकडे परततानाही तेच. त्यामुळे प्रवासाला निघण्याआधी अनेकजण जुन्या गाडीचे पॅड, शू किंवा सिलिंडर बदलून घेतात. पण गाडी गॅरेजबाहेर आली की काहींची तक्रार सुरू होते, "सामान नवीन टाकलंय, तरी पेडल खालीच जातंय!"

अशा वेळी पुन्हा नवीन सामान घेण्याची घाई करू नका. काम झाल्यावर लगेच सुरू झालेला दोष बहुतेक वेळा त्या कामातच असतो. हवा राहिलेली असते, ॲडजस्टमेंट चुकलेली असते किंवा एखादा भाग उलटसुलट बसलेला असतो. आधी लक्षण ओळखा, मग हात घाला.

पेडल मऊ लागतं, दोन-तीनदा दाबलं की वर येतं

लाइनमध्ये हवा राहिली आहे. ब्रेक ऑइल दाबलं जात नाही, पण हवा दाबली जाते. त्यामुळे पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही. हवा पुन्हा काढावी लागेल. साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. काही गाड्यांत हा क्रम वेगळा असतो, म्हणून गाडीचं पुस्तक बघा. काम चालू असताना टाकीतलं ऑइल संपू देऊ नका, नाहीतर नवीन हवा आत जाते.

कितीही वेळा काढली तरी हवा संपत नसेल, तर कॅलिपरकडे बघा. हवा काढायची निपल वरच्या बाजूला असायला हवी. डावा कॅलिपर उजवीकडे बसला तर निपल खाली येते आणि वर साठलेली हवा आतच राहते.

पाय ठेवला की पेडल हळूहळू खाली बसतं

आधी चारही चाकांच्या आतल्या बाजूला, पाइपांच्या जोडांवर आणि पेडलच्या वर ओल आहे का बघा. कुठंच गळती नसेल, तर संशय मास्टर सिलिंडरच्या आतल्या सीलवर.

जुन्या गाडीत हे हमखास घडतं. रोजच्या वापरात सील सिलिंडरच्या ठरावीक भागातच फिरतो, पुढच्या भागात गंज आणि गाळ साठतो. हवा काढताना कुणी पेडल तळापर्यंत दाबलं की सील त्या खरखरीत भागावर घासून फाटतो. म्हणून जुन्या गाडीची हवा काढताना पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा, म्हणजे ते पूर्ण खाली जात नाही.

पेडल खोल जातं, पण खाली गेल्यावर कडक लागतं

हा बहुतेक वेळा मागच्या ड्रमचा प्रश्न असतो. नवीन शू टाकल्यावर ड्रम आणि शू यांत अंतर जास्त राहिलं, तर ते भरून काढण्यातच पेडल खाली जातं. हँडब्रेकही बरेच दात वर ओढावा लागतो. आधी शूची ॲडजस्टमेंट करा, मग हँडब्रेकची केबल. आधीच केबल ताणली, तर खरा दोष झाकला जातो.

ॲडजस्टरचे भाग डावे-उजवे बदलले गेले नाहीत ना, तेही बघा. काही गाड्यांत पुढचा आणि मागचा शू सारखा नसतो, लायनरची लांबी वेगळी असते. त्यांची अदलाबदल झाली तरी ब्रेक कमी लागतो. म्हणून एका वेळी एकच चाक उघडावं. दुसऱ्या बाजूचं नमुन्याला राहतं.

पेडल दगडासारखं कडक

बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नसावा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग पाय दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर चालू आहे. हललंच नाही तर व्हॅक्यूमचा पाइप निघाला किंवा चिरला आहे का बघा.

गाडी ओढते किंवा चाक तापतं

गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी दोन्हीकडची हवा सारखी भरा, मग पॅडला ग्रीस किंवा ऑइल लागलंय का, कॅलिपरच्या पिना मोकळ्या सरकतात का बघा. पॅड आणि शू नेहमी दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत.

चाक जाम होत असेल तर सपाट जागी, चाकांना उटी लावून ही तपासणी मेकॅनिककडून करून घ्या. मास्टर सिलिंडरचे नट थोडे सैल केल्यावर चाक सुटलं, तर मागचा पुशरॉड लांब पडतोय. त्यानं नाही सुटलं, पण निपल उघडताच सुटलं, तर रबरी होज आतून फुगला असावा. त्यातून ऑइल जोरानं पुढे जातं, पण परत येत नाही. तरीही नाही सुटलं, तर पिस्टन, पिन किंवा हँडब्रेकची केबल अडकली आहे.

ऑइलकडे दुर्लक्ष नको

टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या डॉट क्रमांकाचंच ऑइल वापरा. त्यात चुकूनही इंजिन ऑइल किंवा डिझेल गेलं, तर रबरी सील फुगतात आणि सगळेच बदलावे लागतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नव्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ओलावा धरल्यावरची किमान मर्यादा १४० अंश. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. घाटात सतत ब्रेक दाबून ते उकळलं की लाइनमध्ये वाफ होते आणि पेडल अचानक खाली जातं. म्हणून पॅड बदलताना ऑइल किती जुनं आहे तेही विचारा. साधारण दोन वर्षांनी ते बदललेलं बरं.

थेट घाटात नको

गाडी सुरू करण्याआधी उभ्या गाडीतच पेडल कडक होईपर्यंत दाबा. पॅड बदलताना पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा पेडल रिकामंच जातं. मग मोकळ्या, सपाट रस्त्यावर हळू वेगात ब्रेक तपासा. तो नीट लागला, तरच ताशी ५० किलोमीटरवरून १० पर्यंत आठ-दहा वेळा हळुवार वेग कमी करा, मध्ये थोडं अंतर जाऊ द्या. नवीन पॅड डिस्कवर बसायला एवढं लागतंच. नंतर चाकांचे नट पुन्हा आवळा आणि टाकीतली पातळी बघा.

घाट उतरताना दुसरा-तिसरा गिअर ठेवा, गाडी न्यूट्रल करू नका, इंजिन बंद करू नका. पेडल खाली गेलंच, तर ते भराभर दाबत राहा, एकेक गिअर खाली घ्या आणि हँडब्रेक हळूहळू ओढा.

पेडलबद्दल मनात जराही शंका असेल, तर लेण्याद्रीच्या पायथ्यालाच थांबा. जुन्नर किंवा नारायणगावहून मेकॅनिक बोलावून घ्या. घरी दोन तास उशिरा पोहोचलं तरी चालेल.