दोन्ही रांगांतला प्रेक्षक

आमचे पुण्याकडील आप्त दूरध्वनीवरून "सध्या मुक्काम कुठे?" असे विचारतात, आणि मी "बेहालात" असे उत्तर दिले की पलीकडून क्षणभर शांतता पसरते. मग खुलासा करावा लागतो की आमचे हाल चालू नसून बेहाला हे कलकत्त्याच्या दक्षिणेकडील एक जुने, दाट वस्तीचे उपनगर आहे. केंद्र सरकारच्या नोकरीतील बदलीने १९९६ साली मी येथे राहावयास आलो. पहिल्याच आठवड्यात डायमंड हार्बर रोडवरील एका चित्रगृहावर 'अजंता' ही अक्षरे वाचली आणि परक्या गावात घरचे माणूस भेटावे तसा आनंद झाला. आत जाऊन बंगाली चित्रपट पाहिला. अर्धा समजला, अर्धा शेजारी बसलेल्या गृहस्थांनी न विचारता समजावून दिला.

तेव्हापासून आजपर्यंत या शहरात चित्रपटावर वाद घालणे हा माझा फावल्या वेळचा उद्योग आहे. मी चित्रपटाचा अभ्यासक नव्हे. तिकीट काढून बसणारा, आवडले तर दोनदा पाहणारा आणि कंटाळा आला तर चुळबूळ करणारा साधा प्रेक्षक आहे. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे अशी संपादकांची आज्ञा झाली, तेव्हा ठरविले की पंचवीस-तीस वर्षे मनात घोळणारा एक प्रश्न वाचकांपुढे मांडावा. लोकांना आवडणारा चित्रपट आणि कलावंताने आपल्या हिंमतीवर काढलेला वेगळा चित्रपट, या दोहोंमध्ये आपण जी भिंत घालतो ती कोणी बांधली? आणि आपल्यासारख्या परप्रांतस्थ मराठी माणसाने भिंतीच्या कोणत्या बाजूस बसावे?

प्रारंभी ही भिंत नव्हतीच. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली आपल्या विम्याची पॉलिसी गहाण टाकून विलायत गाठली, तंत्र शिकून घेतले, आणि परतल्यावर सरस्वतीबाईंनी आपले दागिनेही त्या यज्ञात घातले. कलाकारांसाठी रांधणे आणि रात्री फिल्मला भोके पाडणे हेही काम त्या माउलीनेच केले. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमागृहात 'राजा हरिश्चंद्र' झळकला आणि लोकांची झुंबड उडाली. हा चित्रपट स्वतंत्र म्हणावा की लोकप्रिय? तो दोन्ही होता. बंगालमध्ये तर फाळक्यांच्याही आधी हीरालाल सेन यांनी रंगभूमीवरील नाट्यप्रवेश चित्रित केले होते. त्यांच्या बहुतेक साऱ्या फिती १९१७ साली एका आगीत भस्मसात झाल्या आणि त्याच वर्षी ते निवर्तले. एकाची पुण्याई उरली, दुसऱ्याची राख झाली. चित्रपटाच्या इतिहासात गुणाइतकाच दैवाचाही वाटा असतो, हे आपण विसरता कामा नये.

पुढे बोलपटांच्या काळात महाराष्ट्र आणि बंगाल या दोन प्रांतांचा जणू घरोबाच जमला. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात 'प्रभात' स्थापन झाली, १९३३ साली ती पुण्यास आली. इकडे टॉलीगंजमध्ये बी. एन. सरकार यांनी १९३१ साली 'न्यू थिएटर्स' उभारले. देवकी बोस यांच्या 'राजरानी मीरा' (१९३३) आणि 'सीता' (१९३४) या दोन्ही चित्रपटांची नायिका होत्या आपल्या दुर्गाबाई खोटे. त्यांपैकी 'सीता' व्हेनिसच्या महोत्सवात दाखविला गेला. त्यापाठोपाठ दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' (१९३६) १९३७ साली तेथेच गौरविला गेला. 'तुकाराम'ची गंमत अशी की, खेड्यापाड्यांतून बैलगाडीने आलेली माणसे विष्णुपंत पागनिसांना पडद्यावर पाहून हात जोडत, आणि युरोपातले जाणते परीक्षकही त्याच चित्रापुढे नतमस्तक होत. आवलीचे काम करणाऱ्या गौरीबाईंचा तो संतापी, भुकेला, खरा संसार पाहून कोणास हा 'कलात्मक' चित्रपट आहे असे सांगावे लागले नाही.

भिंत चढली ती स्वातंत्र्यानंतर, आणि तिचा एक खांब सरकारी आहे हे मी सरकारी नोकर असूनही मान्य करतो. मात्र त्या खांबाने छप्परही तोलले. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली १९४९ साली चित्रपट चौकशी समिती नेमली गेली व १९५१ साली तिचा अहवाल आला. अहवाल म्हटला की तो कपाटात जावयाचा, हा आमच्या खात्यांचा शिरस्ता. परंतु या अहवालातून उशिरा का होईना, १९६० साली फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन निघाले, त्याच वर्षी पुण्यात 'प्रभात'च्या आवारात चित्रपटशिक्षणाची संस्था सुरू झाली, आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय अस्तित्वात आले. ज्या मातीत 'तुकाराम' उभा राहिला, त्याच मातीत साठीच्या दशकात ऋत्विक घटक यांनी विद्यार्थ्यांना शिकविले. बंगालने आपले ऋण असे फेडले.

राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला (१९५३) मिळाले हे आपण अभिमानाने सांगतो. तिसऱ्या वर्षी ते सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'ला (१९५५) मिळाले. रायबाबूंची कथा ऐकली की फाळक्यांची आठवण होते. त्यांनीही विम्याच्या कागदावर कर्ज काढले, त्यांच्याही पत्नीचे दागिने गहाण पडले. बेचाळीस वर्षांच्या अंतराने तोच विमा आणि तेच दागिने! अखेर पश्चिम बंगाल सरकारने पैसा दिला, आणि नावात 'पथ' असल्यामुळे तो रस्तेसुधारणेच्या खाती मांडला गेला असे सांगतात. लेखापरीक्षणाशी संबंध आलेल्या माझ्यासारख्या माणसास ही नोंद पाहून घाम फुटावा. पण कधी कधी चुकीच्या खात्यावर टाकलेली रक्कमच देशाच्या कामी येते.

या ठिकाणी एका मराठी स्त्रीचे नाव आपल्या स्मरणिकेत येणे मला अगत्याचे वाटते. विजया मुळे (१९२१–२०१९) या केंद्र सरकारच्या शिक्षणखात्यातील अधिकारी. १९५९ साली भारतातील फिल्म सोसायट्यांचा महासंघ स्थापन झाला, तेव्हा राय अध्यक्ष होते आणि चिदानंद दासगुप्त यांच्यासमवेत विजयाबाई चिटणीस होत्या. पुढे सेन्सॉर बोर्डाच्या कामानिमित्त त्या कलकत्त्यास राहिल्या, आणि हुगळीतून उलट्या दिशेने चढत येणाऱ्या भरतीच्या लाटेवर त्यांनी लघुपट काढला. दूरदर्शनवर आपल्या मुलांनी पाहिलेला 'एक अनेक और एकता' (१९७४) हाही त्यांचाच. बदलीच्या गावी दिवस ढकलणारे आपल्यात पुष्कळ असतात. बदलीचे गाव आपलेसे करणारे थोडे, त्यांत विजयाबाईंचा क्रम वरचा.

त्यांची कन्या सुहासिनी मुळे मृणाल सेन यांच्या 'भुवन शोम'मध्ये (१९६९) नायिका झाली. फिल्म फायनान्सच्या कर्जातून निघालेला हा चित्रपट नव्या प्रवाहाची नांदी मानला जातो. त्यातील कडक शिस्तीचे रेल्वे अधिकारी शोमसाहेब पक्ष्यांच्या शिकारीस निघतात, एका खेडवळ मुलीच्या संगतीत विरघळतात, आणि ज्या लाचखाऊ तिकीट-तपासनिसावर कारवाई करावयाची तो तिचाच नवरा निघाल्याने त्याला सोडून देतात. कार्यालयीन मित्रांसमवेत हा चित्रपट पाहताना आम्ही सर्व हसलो. घरी परतताना मात्र बसमध्ये प्रत्येकजण खिडकीबाहेर पाहत होता.

आता १९७१ साल घ्या. त्या एकाच वर्षी मराठीत दोन चित्रपट आले. एक दादा कोंडके यांचा 'सोंगाड्या', दुसरा सत्यदेव दुबे यांनी तेंडुलकरांच्या नाटकावरून केलेला 'शांतता! कोर्ट चालू आहे'. पहिल्यास शिट्ट्या मिळाल्या, दुसऱ्यास समीक्षकांची दाद. तेंडुलकरांचे ते नाटक 'बहुरूपी'ने बंगाली रंगभूमीवर आणले, तृप्ती मित्र त्यात बेणारेबाई झाल्या, आणि मराठी लेखकाचे नाव येथील सुशिक्षितांच्या तोंडी बसले. 'सोंगाड्या'चे नाव मात्र येथे कोणी ऐकले नाही. पण ध्यानात घ्या, तो 'लोकप्रिय' चित्रपटही मुंबईत आयता चालला नाही. हिंदी चित्रपटापुढे दादरला त्यास चित्रगृह मिळावे म्हणून आंदोलन करावे लागले. म्हणजे बलाढ्य हिंदीच्या शेजारी मराठीतला गल्लाभरू चित्रपटसुद्धा एका अर्थी स्वतंत्र, स्वतःच्या हिंमतीवरचाच होता.

हे मला तेव्हा उमगले नव्हते. काही वर्षांपूर्वी मंडळाच्या वार्षिक चित्रपट-प्रदर्शनाची निवड आमच्या छोट्या समितीकडे आली. एका सदस्याने 'सोंगाड्या' सुचविला. मी जोराने विरोध केला. "बंगाली पाहुणे येणार, राय-घटकांच्या गावात आपण द्व्यर्थी विनोद दाखवायचा काय?" असे माझे शब्द कार्यवृत्तात असतील. माझ्या आग्रहाने एक गंभीर, पारितोषिकप्राप्त चित्रपट लावला. खेळ संपल्यावर बेहालातच राहणाऱ्या एक वृद्ध आजी दारात भेटल्या. सून बंगाली, नातवंडे बंगाली बोलणारी, मुलगा दिवसभर बाहेर. त्या म्हणाल्या, "साहेब, सिनेमा चांगला होता हो. पण त्यातली माणसं बोलतच नाहीत. मी मराठी ऐकायला आले होते."

त्या वाक्याने माझी झोप उडविली. पाहुण्यांपुढे आपण कसे दिसू याची चिंता वाहताना, घरच्या माणसाच्या कानांना काय हवे याचा मला विसर पडला होता. पुढल्या वर्षी मीच 'सोंगाड्या'चा ठराव मांडला. शेजारी बसलेल्या बंगाली स्नेह्यांना विनोद समजावून देताना अनेकदा माझी जीभ अडखळली. ते मात्र शांतपणे म्हणाले, "तुमचे गंभीर चित्रपट मला महोत्सवातही पाहावयास मिळतील. तुम्ही घरी कशाला हसता, ते आज प्रथमच पाहिले." आजी पुढल्या रांगेत पदराने डोळे पुसत हसत होत्या.

म्हणून काही मी वेगळ्या चित्रपटाकडे पाठ फिरविली नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' व्हेनिसला २०१४ साली गौरविला गेला. तो पाहताना प्रथम माझीही चुळबूळ झाली. परंतु त्यातील सरकारी वकीलबाई, ज्या लोकशाहिराविरुद्ध कलमे घडाघडा वाचतात आणि मग लोकलने घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात, त्यांनी मला खिळवून ठेवले. त्या दुष्ट नाहीत. दमलेल्या, संसारी, नियमाने चालणाऱ्या आहेत, आणि त्यांच्या हातून एका माणसाचे आयुष्य चिरडले जात आहे. मी किती फायलींवर असाच शेरा मारून घरी जेवावयास गेलो असेन? हा प्रश्न कोणत्याही रौप्यमहोत्सवी चित्रपटाने मला विचारला नव्हता.

बंगालच्या थोरांनी तरी ही भिंत कोठे पाळली? 'मेघे ढाका तारा' (१९६०) देणाऱ्या घटकांनीच बिमल रॉय यांच्या 'मधुमती'ची (१९५८) कथा लिहिली होती. रायबाबूंनी लोकांच्या लाडक्या उत्तमकुमारांना घेऊन 'नायक' (१९६६) केला, आणि 'गुपी गाइन बाघा बाइन'ला (१९६९) आबालवृद्धांनी महिनोन् महिने गर्दी केली. आपल्याकडे नागराज मंजुळे यांनी 'फँड्री'तून (२०१३) जो दगड भिरकावला, तोच 'सैराट'मध्ये (२०१६) गाण्यांत गुंडाळून दिला, आणि मराठी चित्रपटाच्या उत्पन्नाचे तोवरचे सर्व उच्चांक मोडले. बेहालाच्या चहाच्या दुकानात मराठीचा गंध नसलेली पोरे त्याची गाणी गुणगुणत होती. चित्रपटाचा शेवट ठाऊक असल्याने मला मात्र ती ऐकताना चर्र होत असे.

इतक्या वर्षांच्या तिकिटांचा हिशेब मांडता माझ्या पदरी एवढेच पडले. लोकप्रिय चित्रपट मला माझ्या माणसांत बसवितो, वेगळा चित्रपट त्यांच्यातून उठवून एकट्याला प्रश्न विचारतो. परगावी राहणाऱ्या माणसास दोहोंची गरज आहे. पहिल्यावाचून तो पोरका होईल, दुसऱ्यावाचून आत्मसंतुष्ट. तेव्हा मंडळाच्या कार्यकारिणीस माझी नम्र सूचना अशी की, यापुढे वर्षास एक नव्हे, दोन चित्रपट दाखवावेत. एक आजींसाठी, एक आमच्यासारख्या साहेबांसाठी. आणि दोन्ही खेळांना दोघांनाही आग्रहाने बोलवावे.

आजी आता नाहीत. पुढल्या रांगेतली त्यांची खुर्ची कोणी ना कोणी भरतेच. दिवे मालवले आणि पडद्यावर पहिले मराठी वाक्य उमटले की मी अजूनही नकळत तिकडे पाहतो.