घारापुरीचा हत्ती आणि वस्तुसंग्रहालयाचे कर्तव्य

रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील घारापुरी बेट तेथील शैलगृहांमुळे जगप्रसिद्ध आहे. १९८७ साली या लेण्यांचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. परंतु ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी या बेटास 'एलिफंटा' हे नाव दिले, तो पाषाणाचा हत्ती आज बेटावर नाही.

अखंड काळ्या पाषाणातून घडविलेला हा हत्ती बेटाच्या दक्षिण बाजूस, जुन्या उताराच्या जागेजवळ उभा होता. १८१४ साली त्याचे मस्तक व मान गळून पडली. पुढे १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. मात्र उचलताना यारी मोडली आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याच्या राणीच्या बागेत आणण्यात आले व १९१४ साली सांधून हत्ती पुन्हा उभा केला गेला. आज तो तेथील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. १८७२ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या या संग्रहालयास १९७५ मध्ये, त्याच्या उभारणीसाठी झटलेल्या या विद्वान वैद्याचे नाव देण्यात आले.

ते तुकडे कोणी जपले नसते, तर हत्तीचे केवळ नाव उरले असते. संग्रहालयाचे हे ऋण मान्य केलेच पाहिजे. तथापि जतन म्हणजे अर्धेच कर्तव्य होय. भायखळ्यात हत्ती दिसतो, पण त्याचा समुद्र दिसत नाही. बेटावर नाव ऐकू येते, पण हत्ती दिसत नाही. हे तुटलेले नाते जोडणे हे उरलेले अर्धे कर्तव्य. शेतबंदर, राजबंदर व मोराबंदर या बेटावरील वस्त्यांतील मुलांना आपल्या हत्तीची हकिकत ठाऊक असणे, हीच त्याची खरी पुनर्स्थापना ठरेल. २०२२ साली प्राग येथे जागतिक संग्रहालय परिषदेने स्वीकारलेल्या व्याख्येतही समाजाची सेवा व लोकसमूहांचा सहभाग यांना स्थान मिळाले आहे.

आपल्या किनाऱ्यावरील घराघरांत जुनी नाणी, वह्या, होकायंत्रे, दस्तऐवज असतील. ती संग्रहालयास अवश्य द्यावीत. परंतु देण्यापूर्वी ती कोणत्या गावी, कोणाकडे व कोणत्या उपयोगात होती, हे लिहून ठेवावे. तेवढ्या चार ओळींवाचून वस्तू सुरक्षित राहील, पण मुकी होईल.