देवाचं जग आणि टोल्किनचा ड्रॅगन

जग देवानं निर्माण केलं असेल, तर माणसानं आणखी एक जग कशाला रचायचं? टोल्किन हे निष्ठावान कॅथलिक. १९३१ साली ऑक्सफर्डमध्ये त्यांचे मित्र सी. एस. लुईस म्हणाले, मिथकं सुंदर असली तरी खोटीच. टोल्किनना ते मान्य नव्हतं. १९३७च्या ‘द हॉबिट’ची चित्रं, नकाशे, कव्हरवरचा ड्रॅगनसुद्धा त्यांनी स्वतः काढला. १९३९ साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठात त्यांनी परीकथांवर व्याख्यान दिलं. पुढे त्याचा निबंध झाला. त्यांचं उत्तर असं: निर्मात्यानं माणसाला आपल्या प्रतिमेत घडवलं, म्हणून माणूसही निर्माण करतो, मात्र त्याची निर्मिती दुय्यम. आम्हाला हा ‘दुय्यम’ शब्द मोलाचा वाटतो. कलावंताला त्यात मोकळीक मिळते, आणि आपली पायरीही कळते.