मावशी, काकू की मॅडम?
ज्येष्ठांना परक्यांनी मारलेली हाक आणि तिच्यामागचे ‘तू’ व ‘तुम्ही’

- प्रतिनिधी

वांगणी सोडून कर्जतच्या दिशेने निघालेली लोकल ठाणे जिल्ह्याची हद्द ओलांडते आणि शेलूला थांबते. मध्य रेल्वेच्या या मार्गावरील रायगड जिल्ह्याचे हे पहिले स्थानक. गिरणी कामगारांच्या घरांच्या प्रश्नामुळे शेलूचे नाव अलीकडे मुंबईकरांच्या कानावर वारंवार पडले. 9 जुलै 2025 रोजी आझाद मैदानात जमलेल्या गिरणी कामगारांनी आणि त्यांच्या वारसांनी, आम्हाला शेलू-वांगणीला नको, मुंबईतच घरे द्या, अशी मागणी केली होती. एरवी हे गाव कर्जत तालुक्यातील इतर गावांसारखेच आहे. एका बाजूला आगरी-कुणब्यांची जुनी वस्ती आणि आसपासच्या ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या, तर दुसऱ्या बाजूला स्वस्त घराच्या शोधात मुंबई-ठाण्याहून आलेल्यांची नवी गृहसंकुले.

अशा गावाच्या स्थानकाबाहेर पासष्टीच्या तीन स्त्रिया एकाच गाडीतून उतरल्या, अशी कल्पना करावी. पहिलीच्या डोक्यावर भाजीची रिकामी पाटी आहे. दुसरीच्या अंगावर साधी सुती साडी आणि हातात कापडी पिशवी आहे. तिसरीने पंजाबी ड्रेस घातला असून खांद्याला पर्स आहे. पहिलीला ‘ए मावशे, बाजूला हो’ असे ऐकावे लागते. दुसरीला ‘काकू, कुठे सोडू?’ असे विचारले जाते. तिसरीला ‘मॅडम, रिक्षा?’ अशी हाक येते. तिघींचे वय एकच. मग हाक नेमकी कशाला मारली गेली, वयाला की वेषाला?

नात्यांची उसनवारी

अनोळखी माणसाला नावाने हाक मारता येत नाही आणि वडीलधाऱ्याचे नाव माहीत असले तरी ते नुसते घेणे आपल्याकडे शिष्टसंमत नाही. ही अडचण मराठीने नात्यांचे शब्द उसने घेऊन सोडवली. काका, मामा, मावशी, काकू, आजी, आजोबा, बाबा, नाना, आबा हे शब्द घराच्या उंबरठ्याबाहेर पडून रस्त्यावर, बाजारात आणि एसटीत रुळले. त्यांचे मूळ पुरातन आहे. ‘मावशी’ हा शब्द संस्कृत ‘मातृष्वसा’पासून, म्हणजे आईची बहीण या अर्थापासून, प्राकृतातून मराठीत आला. ‘आजा’ आणि ‘आजी’ यांचे मूळ ‘आर्य’ या आदरवाचक शब्दात आहे.

नात्यांच्या शब्दांमागील कुटुंबरचनेचा सविस्तर अभ्यास इरावती कर्वे यांनी 1953 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात केला आहे. रस्त्यावरच्या हाकांकडे या दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. सगळी नाती उसनी घेतली जात नाहीत. अनोळखी बाईला ‘मावशी’ म्हणतात, ‘काकू’ म्हणतात. पण ‘आत्या’ किंवा ‘मामी’ क्वचितच म्हणतात. महाराष्ट्रातील अनेक समाजांत आतेभाऊ-मामेबहिणीचे लग्न चालत आले आहे. तिथे आत्या ही पुढे सासू होऊ शकते आणि सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणण्याची रीतही त्यातूनच आलेली दिसते. आत्या हे अपेक्षांचे आणि मानपानाचे नाते, तर मावशी हे विनाअटीच्या मायेचे. परक्या बाईला जोडताना लोकांनी मायेचे नाते निवडले, असे म्हणता येईल.

या उसनवारीत कमीपणा नव्हता. उलट, मोठा मान देण्याची ती मराठी रीत होती. बाबासाहेब, अण्णासाहेब, दादासाहेब, काकासाहेब या नावांत नात्याला ‘साहेब’ जोडून आदर दुणावला आहे. वसंतदादा, अनुताई, सिंधुताई यांच्या नावांतही तेच दिसते. शेलूकरांना तर दूर जाण्याचीही गरज नाही. माथेरानला जन्मलेले आणि 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर हुतात्मा झालेले वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल या साऱ्या परिसराला ‘भाई कोतवाल’ म्हणूनच ठाऊक आहेत. शेतकरी आणि आदिवासींसाठी झटणाऱ्या वकिलाची ओळख पदवीने नव्हे, तर नात्याच्या शब्दाने उरली.

हाकेतली वर्गवारी

पुढे मात्र या शब्दांची वाटणी झाली. ‘मावशी’ हा शब्द शहरात घरकाम करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, रुग्णालयात साफसफाई करणाऱ्या स्त्रीसाठी ठरल्यासारखा झाला. ‘मामा’ हा शब्द हवालदार, शिपाई आणि हॉटेलात पाणी आणून देणारा वयस्क माणूस यांच्या वाट्याला आला. पांढरपेशा गृहिणी ‘काकू’ झाली आणि तिचा नवरा ‘काका’. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांनी त्यांना ‘अंकल’ व ‘आंटी’ केले. कार्यालयात आणि बँकेत ‘सर’ व ‘मॅडम’ आले. शब्द नात्याचा असला तरी तो आता समोरच्याची सांपत्तिक स्थिती सांगू लागला.

‘आंटी’ या शब्दाची मुंबईत तर आणखी एक गंमत आहे. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर शहरात चोरून चालणारे घरगुती दारूचे गुत्ते ‘आंटीचे अड्डे’ म्हणून ओळखले जात. त्यामुळे जुन्या पिढीतील कित्येक स्त्रियांना ही हाक मुळीच रुचत नसे. आज तो संदर्भ पुसट झाला असला तरी ‘आंटी’ ऐकून कपाळाला आठ्या घालणाऱ्यांची संख्या कमी नाही. त्याचे आताचे कारण वेगळे, वय वाढवून सांगितल्याचे!

प्रश्न नात्याचा नाही, सर्वनामाचा

तथापि, हाकेतला मान किंवा अवमान ठरतो तो बहुधा तिच्या पुढच्या क्रियापदावर. ‘मावशी, बसा’ आणि ‘मावशी, बस’ यांत अंतर आहे. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ अशा तीन पायऱ्या आहेत आणि घरात त्यांचा वापर वयाच्या हिशेबाने होत नाही. जुन्या वळणाच्या घरात वडिलांना ‘अहो बाबा’ म्हणत. आईला मात्र ‘अगं आई’. आजीलाही ‘तू’च. म्हणजे ‘तू’ हा अनादर नव्हे. तो जिव्हाळ्याचाही शब्द आहे.

कर्जत-खालापूर पट्ट्यात हे विशेष जाणवते. आगरी बोलीत वडीलधाऱ्या माणसालाही एकेरीत बोलण्याची रीत आहे. आदिवासी वाड्यांवरही ‘तुम्ही’चा बडेजाव फारसा नसतो. गावातला तरुण रिक्षावाला शेजारच्या आजीला ‘तू’ म्हणतो, तेव्हा ती रागावत नाही. शहरातून संकुलात राहायला आलेल्या निवृत्त गृहस्थाला मात्र तोच ‘तू’ खटकतो. दोघांचेही चुकत नसते. एकाच्या बोलीत जे आपलेपण आहे, तेच दुसऱ्याच्या प्रमाणभाषेत उद्धटपण ठरते.

हिंदीची त्यात भर पडते. मराठी माणूस ‘तुम्ही’च्या चालीवर हिंदीत ‘तुम’ म्हणतो आणि आपण आदराने बोललो असे समजतो. पण हिंदीत आदर ‘आप’मध्ये असतो. ज्येष्ठ हिंदीभाषकाला ‘तुम किधर जायेगा’ ऐकून वाईट वाटते, ते यामुळेच. उलट, नव्याने मराठी बोलू लागलेला सुरक्षारक्षक किंवा सामान पोहोचवणारा मुलगा ‘काका, तू सही कर’ म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात अवमान नसतो, व्याकरणाची अडचण असते.

मग माया कोणती आणि मग्रुरी कोणती, हे ओळखायचे कसे? रॉजर ब्राऊन आणि अल्बर्ट गिलमन या अमेरिकी अभ्यासकांनी 1960 मध्ये युरोपीय भाषांतील ‘तू-तुम्ही’चा अभ्यास करून एक सूत्र मांडले होते. दोन्ही बाजूंनी ‘तू’ असेल तर ती जवळीक. एकाच बाजूने असेल तर ती सत्ता. हे सूत्र शेलूलाही लागू पडते. गावातला तरुण आजीला ‘तू’ म्हणतो आणि आजीही त्याला ‘तू’च म्हणते. पण वाडीवरची कातकरी म्हातारी दाखल्यासाठी किंवा रेशनसाठी खिडकीसमोर उभी राहते, तेव्हा ती आतल्या पंचविशीच्या मुलाला ‘साहेब, तुम्ही’ म्हणते आणि आतून ‘ए म्हातारे, उद्या ये’ असे उत्तर आले, तर तिथे जिव्हाळ्याचा प्रश्नच उरत नाही. तिच्यामागे उभ्या असलेल्या पँट-शर्टातल्या गृहस्थाला त्याच खिडकीतून ‘तुम्ही’ मिळत असेल, तर हा बोलीचाही दोष नव्हे. ‘म्हातारी’ हा शब्द वर्णनात साधा आहे. हाकेत तो बोचतो.

वय विचारण्याचे प्रसंग

सरकारी भाषेने या सगळ्यांसाठी ‘ज्येष्ठ नागरिक’ हा एक शब्द ठरवला. पालक आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणासाठीच्या 2007 च्या कायद्यानुसार वयाची 60 वर्षे पूर्ण केलेली व्यक्ती ज्येष्ठ ठरते. 2011 च्या जनगणनेनुसार देशात अशा व्यक्ती सुमारे 10 कोटी 40 लाख होत्या. महाराष्ट्राच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण जवळपास 10 टक्के होते. शब्द उत्तम आहे, पण ‘अहो ज्येष्ठ नागरिक’ अशी हाक कोणी मारत नाही. फलकावरचा शब्द तोंडी आला नाही आणि तोंडातला शब्द सेवकांना कोणी शिकवला नाही.

सवलतींमुळे मात्र वयाचा उल्लेख रोजचा झाला. एसटीत 65 वर्षांवरील प्रवाशांना निम्मे भाडे असते. 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास विनामूल्य झाला. 17 मार्च 2023 पासून सर्व स्त्रियांना निम्मे भाडे लागू झाले, त्यामुळे एसटीत बाईला वय विचारण्याचा प्रसंग आता पंचाहत्तरीपाशीच येतो. भर गर्दीत ‘आजी, आधार कार्ड दाखवा’ हे वाहकाचे वाक्य म्हणूनच नाजूक असते. तिथे ‘आजी’ ही हाक नसून वयाचा अंदाजही असतो. तो चुकला तर सत्तरीची बाई दुखावते. ‘कुणाचे पंचाहत्तरचे तिकीट आहे का?’ असे सर्वांना उद्देशून विचारले, तर कोणालाच काही लागत नाही.

रुग्णालयात हाकेचा परिणाम अधिक खोल असतो. ‘आता आजी शहाण्यासारखं औषध घेणार ना’ असे लहान मुलाशी बोलावे तसे बोलणे प्रेमळ वाटते. पाश्चात्त्य देशांत या बोलण्याला ‘एल्डरस्पीक’ असे नाव आहे. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातील क्रिस्टीन विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांशी असे बोलले गेले, तेव्हा शुश्रूषेला त्यांचा विरोध वाढलेला आढळला. आपल्याकडे त्याहून अधिक दिसणारा प्रकार म्हणजे ज्येष्ठाला वगळून सोबतच्या मुलाला विचारणे, ‘यांना काय होतंय?’ यात हाकच नसते. समोर बसलेल्या माणसाचे एकाएकी ‘यांना’ होऊन जाते.

काय म्हणावे?

यावर सर्वांना लागू पडेल असा एकच शब्द सुचवता येणार नाही. ‘सर-मॅडम’ने वर्गभेद झाकला जातो, पण वाडीवरच्या आजीला ‘मॅडम’ म्हटले तर तिला थट्टा वाटण्याचा संभव. ‘काका-मावशी’त ऊब आहे, पण बँकेत किंवा पोलीस ठाण्यात स्वतंत्र नागरिक म्हणून आलेल्याला ती ऊब नकोशी वाटू शकते. तेव्हा काही साधे नियम पाळता येतील.

शब्द कोणताही असो, अनोळखी ज्येष्ठाशी क्रियापद ‘तुम्ही’चे असावे, ‘तू’वर यायचे की नाही, हे त्यांना ठरवू द्यावे. हातात कागद किंवा पासबुक असेल तर त्यावरचे नाव वाचून ‘राव’ किंवा ‘बाई’ लावून हाक मारावी. ज्यांना वयाची आठवण नको असेल, त्यांच्यासाठी नुसते ‘अहो’ पुरेसे आहे. मराठीतील हा सर्वांत निरुपद्रवी आदरवाचक शब्द होय. प्रश्न ज्येष्ठालाच विचारावा, सोबतच्याला नंतर. आणि एका खिडकीवर, एका रांगेत सर्वांना एकच रीत असावी. ज्येष्ठांना असभ्य वागणूक मिळाल्यास किंवा मदत हवी असल्यास 14567 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पण ‘ए मावशे’ची तक्रार करण्यासाठी कोणी दूरध्वनी करत नाही. म्हणून ती सुधारणा बोलणाऱ्यानेच करावयाची आहे.

शेलूच्या स्थानकाबाहेर उतरलेल्या त्या तिघींना तीन वेगळी नावे मिळाली तरी बिघडत नाही. पर्सवालीला ‘मॅडम’ म्हणावे, पिशवीवालीला ‘काकू’ आणि पाटीवालीला ‘मावशी’. मात्र पहिल्या दोघींना आपसूक मिळणारा ‘बसा’ तिसरीलाही मिळावा. पाटी डोक्यावर असलेल्या बाईला बाजूला सारताना ‘जरा सरकता का’ म्हणायला दोन अक्षरे जास्त लागतात, इतकेच.