वऱ्हाडातील बालसंरक्षण व्यवस्था

वऱ्हाडातील बालसंरक्षण व्यवस्था म्हणजे महाराष्ट्राच्या अमरावती व अकोला जिल्ह्यांत काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या, तसेच विधिसंघर्षग्रस्त बालकांसाठी काम करणाऱ्या शासकीय समित्या, यंत्रणा, बालगृहे आणि स्वयंसेवी संस्था यांची एकत्रित रचना होय. ही रचना कागदावर राज्यातील इतर जिल्ह्यांसारखीच आहे. मात्र अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेकडील मेळघाट आणि अकोला जिल्ह्याचा त्याला लागून असलेला सातपुड्याच्या पायथ्याचा पट्टा येथे अंतर, भाषा, स्थलांतर आणि बालमृत्यूंचा प्रश्न यांमुळे तिची अंमलबजावणी वेगळ्या स्वरूपाची ठरते. मेळघाटातील बालमृत्यूंसंबंधी मुंबई उच्च न्यायालयात १९९० च्या दशकापासून जनहित याचिका चालत आल्या आहेत. त्यांतून बालविवाह हा विषयही न्यायालयासमोर आला.

पार्श्वभूमी

मेळघाटात धारणी व चिखलदरा या दोन तालुक्यांचा समावेश होतो. तीनशेहून अधिक गावांच्या या प्रदेशातील बहुसंख्य लोक कोरकू आदिवासी समाजाचे असून गोंड, निहाल, गवळी, गवलान, बलई असे इतर समाजही येथे राहतात. कोरकू ही मुंडा भाषाकुळातील भाषा आहे. मराठीशी तिचे नाते नाही, आणि परक्याशी बोलताना कोरकू माणूस बहुधा हिंदीचा आधार घेतो. १९७४ मध्ये येथे व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला. जिल्ह्याचे ठिकाण असलेले अमरावती शहर धारणीपासून घाटरस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे आणि बाल कल्याण समिती, बाल न्याय मंडळ व जिल्हा बाल संरक्षण कक्ष अमरावतीतच आहेत. रस्ता, वीज व पाणी यांच्या अभावामुळे २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत रंगूबेलीसह काही गावांनी मतदानावर बहिष्कार टाकला होता. अशा गावातून १०९८ या बालमदत क्रमांकावर दूरध्वनी करायचा तर आधी भ्रमणध्वनीचा संकेत मिळेल असा उंचवटा शोधावा लागतो.

सपाटीवरील तालुक्यांची अडचण निराळी आहे. कापूस व सोयाबीनच्या कोरडवाहू शेतीवर अवलंबून असलेल्या या भागात शेतकरी आत्महत्यांमुळे अनेक मुले एका पालकाच्या आधारावर राहिली. २००६ मध्ये पंतप्रधानांनी जाहीर केलेल्या विशेष मदत योजनेतील विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत अमरावती व अकोला हे दोन्ही होते.

निराधार व गरीब मुलांसाठी काम करण्याची परंपरा वऱ्हाडात कायद्यांपेक्षा जुनी आहे. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी १९२६ मध्ये अमरावतीत मुष्टिफंडाच्या आधारे श्रद्धानंद छात्रालय सुरू केले, तर याच जिल्ह्यातील शेंडगावचे गाडगे महाराज यांच्या कार्यातून पुढे वसतिगृहे व आश्रमशाळा उभ्या राहिल्या. हे काम प्रामुख्याने शिक्षण व निवाऱ्याचे होते. अत्याचार, बालविवाह किंवा बालमजुरी यांपासून मुलाला वाचवणे हे शासनाचे कर्तव्य आहे, ही कल्पना बरीच नंतरची.

कायदेशीर चौकट

सध्याच्या व्यवस्थेचा पाया बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा आहे. तो १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आला आणि २०२१ मध्ये त्यात महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. यानुसार प्रत्येक जिल्ह्यात एक अध्यक्ष व चार सदस्यांची बाल कल्याण समिती असते. समितीने महिन्यातून किमान वीस दिवस बैठक घेणे बंधनकारक असून निराधार, हरवलेल्या वा अत्याचारग्रस्त बालकाबाबत तिचा आदेश अंतिम महत्त्वाचा असतो. बालक सापडल्यापासून चोवीस तासांच्या आत ते समितीपुढे हजर करावे लागते. यात प्रवासाचा वेळ मोजला जात नाही. मेळघाटासारख्या भागात ही सवलत किरकोळ नाही. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की काही गावांचा रस्ताच बंद होतो. तरीही प्रवासाची सूट मिळते ती यंत्रणेला. मुलाला त्या काळात सुरक्षित ठेवण्याची जागा तालुक्याच्या ठिकाणी कुठे असावी, हा प्रश्न त्या सवलतीने सुटत नाही.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ (पॉक्सो) हा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अपराधाची माहिती असूनही ती न कळवणे हा या कायद्यान्वये स्वतंत्र गुन्हा आहे. बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाविना नोंदवावा आणि गरज असल्यास दुभाष्याची मदत घ्यावी, अशी तरतूद त्यात आहे. कोरकू मुलीच्या जबाबात दुभाष्याला फार महत्त्व असते, कारण मोडक्या हिंदीत सांगितलेली हकिकत मराठीत लिहिली जाताना तिचा तपशील बदलण्याची भीती असते आणि पुढे न्यायालयात उलटतपासणी त्याच तपशिलावर होते.

वयाचा पुरावा हाही असाच नाजूक मुद्दा आहे. कायद्याने प्रथम शाळेचा दाखला अथवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसल्यास जन्मदाखला आणि शेवटी वैद्यकीय चाचणी असा क्रम ठरवला आहे. जन्म घरी झालेला आणि शाळेतील जन्मतारीख अंदाजाने लिहिलेली असल्यास कागदावरचे वय हाच खटल्यातील वादाचा विषय होतो.

गावपातळीवरील रचना

एकात्मिक बाल संरक्षण योजनेतून (२००९-१०) व तिचे पुढचे रूप असलेल्या मिशन वात्सल्यमधून जिल्हा, तालुका, प्रभाग व गाव अशा पातळ्यांवर समित्या नेमण्यात आल्या. महाराष्ट्रात ग्राम बाल संरक्षण समितीच्या अध्यक्षस्थानी सरपंच, तर सदस्य सचिव म्हणून अंगणवाडी सेविका असते. पोलीस पाटील, मुख्याध्यापक, आशा स्वयंसेविका आणि गावातील मुलांचे प्रतिनिधी हे सदस्य असतात. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ अन्वये गावासाठी बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकाची (२०२४ पासून पदनाम 'ग्रामपंचायत अधिकारी') नियुक्ती आहे.

या रचनेचे बळ आणि तिची दुर्बलता एकाच ठिकाणी आहे. अंगणवाडी सेविका त्याच गावची असल्याने कोणत्या घरात काय चालले आहे, हे तिला सर्वांत आधी कळते. परंतु ज्या घराविरुद्ध माहिती द्यायची, त्याच्याच शेजारी तिला पुढे राहायचे असते. ग्रामसेवक बाहेरचा असतो, त्यामुळे तो तक्रार करू शकतो. मात्र त्याच्याकडे अनेकदा एकाहून अधिक गावे असतात आणि लग्न त्याच्या गैरहजेरीत लागते. पोषण आहार, लसीकरण, नोंदवह्या, गृहभेटी यांच्या भारात समितीची बैठक बहुधा ग्रामसभेच्या दिवशीच उरकली जाते. ज्या गावांत शाळा, आरोग्य उपकेंद्र व अंगणवाडी यांच्यात रोजचा संवाद आहे, तेथे समिती नावापुरती राहत नाही.

१०९८ ही सेवा १९९६ मध्ये जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा प्रकल्प म्हणून सुरू झाली. २०२३ मध्ये ती स्वयंसेवी संस्थांकडून शासनाच्या महिला व बालविकास यंत्रणेकडे आली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली.

मेळघाटातील विशेष प्रश्न

स्थलांतर : खरिपाची कामे संपल्यावर मेळघाटातील कुटुंबे मजुरीसाठी सपाटीवरील तालुक्यांत, मध्य प्रदेशात आणि वीटभट्ट्यांवर जातात. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण असल्याने त्या सुमारास बहुतेक जण गावी परततात व नंतर पुन्हा बाहेर पडतात. मुले पालकांबरोबर गेली की अंगणवाडीचा आहार, शाळा आणि गावची समिती हे तिन्ही आधार एकदम सुटतात. शिक्षण विभागाचे हंगामी वसतिगृह व शिक्षण हमी कार्ड, तसेच स्थलांतरित माता-बालकांचा मागोवा घेणारी महिला व बालविकास विभागाची संगणकीय प्रणाली हे यावरील उपाय आहेत. ज्या गावातून मूल गेले तेथील नोंद ज्या गावी पोहोचले तेथील सेविकेने उघडून पाहिली, तरच त्यांचा उपयोग होतो.

डंभा : बालकाचे पोट फुगल्यास किंवा श्वास लागल्यास तापलेल्या लोखंडी सळईने पोटावर चटके देण्याच्या प्रथेस 'डंभा' किंवा 'डम्मा' म्हणतात. भूमका (पारंपरिक वैदू) अथवा घरातील वृद्ध हे चटके देतात. अशा घटनांत बाल न्याय अधिनियम व २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा यांखाली गुन्हे नोंदवले गेले आहेत. मात्र चटके देणारी व्यक्ती बाळाची आजीच असते तेव्हा शिक्षेच्या भीतीने कुटुंब बाळाला दवाखान्यात आणणेच टाळते. म्हणून भूमकांना विरोधक न मानता आजारी बालकाला रुग्णालयात पाठवणारे दुवे म्हणून सोबत घेण्याचे प्रयत्न आरोग्य यंत्रणेने केले. प्रसूतीपूर्वीचे २८ व प्रसूतीनंतरचे २८ दिवस माता-बालकावर लक्ष ठेवणारे 'मिशन २८' हा अमरावती जिल्ह्यातील त्याच काळातील उपक्रम होय.

बालविवाह आणि रुग्णालय : अल्पवयीन मुलीचा विवाह, लवकर मातृत्व, कमी वजनाचे बाळ आणि बालमृत्यू ही साखळी मेळघाटाच्या चर्चेत वारंवार येते. कायद्यानुसार मुलीचे विवाहयोग्य वय १८ व मुलाचे २१ वर्षे आहे. बालविवाह करणारा प्रौढ पुरुष तसेच तो लावून देणारे यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये १८ वर्षांखालील पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कारच ठरेल, असा निर्णय दिला. त्यामुळे १७ वर्षांची गर्भवती प्राथमिक आरोग्य केंद्रात आली, तर वैद्यकीय अधिकाऱ्यास पोलिसांना कळवणे भाग असते. तिचा पती तुरुंगात जाईल या भीतीने वय वाढवून सांगितले जाते किंवा गर्भारपणाची नोंदच केली जात नाही. ज्या मुलीला वैद्यकीय देखरेखीची सर्वाधिक गरज असते, तीच अशा रीतीने देखरेखीबाहेर राहते. बालसंरक्षण व आरोग्य या दोन यंत्रणांमधला हा पेच अद्याप कायम आहे.

न्यायालयीन हस्तक्षेप

१९९३ मध्ये मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्या देशभर पोहोचल्या आणि पत्रकार शीला बारसे यांनी उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. राज्य शासनाने १९९५ मध्ये आदिवासी भागासाठी नवसंजीवनी योजना आणली. २००७ मध्ये डॉ. राजेंद्र बर्मा यांनी दाखल केलेल्या याचिकेबरोबर पुढे इतर याचिकाही ऐकल्या गेल्या. परतवाड्याच्या 'खोज' संस्थेचे बंड्या साने यांनीही या सुनावण्यांत सातत्याने वस्तुस्थिती मांडली. आदिवासी भागातील गर्भवती व स्तनदा मातांसाठी एक वेळचा चौरस आहार देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ मध्ये सुरू झाली.

याच सुनावण्यांदरम्यान न्यायालयाच्या सूचनेवरून भारतीय पोलीस सेवेतील अधिकारी डॉ. छेरिंग दोरजे यांनी आदिवासी भागांची पाहणी केली. एप्रिल २०२२ मध्ये सादर झालेल्या माहितीनुसार राज्यातील १६ जिल्ह्यांत तीन वर्षांत १५,२५३ बालविवाह झाल्याचे आढळले, तर यंत्रणांना त्याच काळात १,५४१ बालविवाह रोखता आले होते. झालेल्या व रोखलेल्या विवाहांमधील हे अंतर गावपातळीवरील समित्यांच्या स्थितीचे बोलके माप मानले जाते.

आश्रमशाळांतील मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्नही याच सुमारास पुढे आला. आश्रमशाळांतील विद्यार्थ्यांच्या मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या डॉ. सुभाष साळुंखे समितीने २०१६ मध्ये आपला अहवाल दिला. पंधरा वर्षांत राज्यभर एक हजाराहून अधिक विद्यार्थी दगावल्याचे त्यातून समोर आले.

अकोला जिल्ह्यातील पुनर्वसित गावे

व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातील गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी, धारगड, बारुखेडा, अमोना, नागरतास आदी गावांचे पुनर्वसन अकोला जिल्ह्याच्या अकोट व तेल्हारा तालुक्यांत करण्यात आले. आश्वासित सोयी मिळाल्या नाहीत, या तक्रारीतून काही कुटुंबे जंगलातील जुन्या गावी परतली व जानेवारी २०१९ मध्ये त्यांचा वनविभाग व पोलिसांशी संघर्ष झाला. बालसंरक्षणाच्या दृष्टीने येथील प्रश्न नोंदींचा आहे. एका जिल्ह्याच्या व एका आदिवासी प्रकल्पाच्या छत्राखालील मूल दुसऱ्या जिल्ह्यात आले की शिधापत्रिका, अंगणवाडीची नोंद, जातीचा दाखला व शाळा ही सर्व कागदपत्रे नव्याने जुळवावी लागतात. अकोला व खांडवा यांना जोडणारी मेळघाटातून जाणारी मीटरगेज रेल्वेही रुंदीकरणासाठी २०१७ च्या आरंभी थांबली आणि डोंगरातील व पायथ्याची गावे यांमधील स्वस्त दुवा तुटला.

संस्था

अकोल्यात निराधार मुलींसाठीचे गायत्री बालिकाश्रम व लहान बालकांसाठीचे उत्कर्ष शिशुगृह आहे. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले यांनी फासेपारधी समाजातील, भीक मागून जगणाऱ्या मुलांसाठी 'प्रश्नचिन्ह' ही निवासी शाळा उभारली. गुन्हेगार जमात हा ब्रिटिशकालीन शिक्का १९५२ मध्ये कायद्याने पुसला गेला असला, तरी पोलिसांच्या संशयामुळे पालक वारंवार अटकेत जात आणि मुले रस्त्यावर येत, ही या शाळेमागची पार्श्वभूमी आहे. समृद्धी महामार्गासाठी शाळेच्या जागेचा व बांधकामाचा काही भाग गेला.

अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथील अंबादासपंत वैद्य बालगृह शंकरबाबा पापळकर यांनी उभारले. रेल्वेस्थानके, बसस्थानके व उकिरडे यांवर सापडलेली अंध, मूकबधिर व मतिमंद बेवारस मुले येथे वाढली. वडिलांच्या रकान्यात पापळकरांचे नाव असलेल्या या १२३ मुलामुलींपैकी अनेकांचे विवाह त्यांनी लावून दिले, आणि येथे वाढलेल्या एका अंध तरुणीने राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण करून शासकीय नोकरी मिळवली. पापळकरांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

अठरा वर्षांनंतरचा प्रश्न

बालगृहातील वास्तव्य कायद्याने वयाच्या अठराव्या वर्षी संपते. अनुरक्षणगृहाची सोय साधारणतः २१ वर्षांपर्यंत, अपवादाने २३ पर्यंत वाढवता येते. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षण व शासकीय नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षण लागू केले, तर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एकल पालक वा नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. परंतु ही रक्कमही १८ वर्षांपर्यंतच मिळते. शिकून नोकरी करू शकणाऱ्या अनाथाला या तरतुदींतून वाट मिळते. जो बहुविकलांग मुलगा स्वतः जेवूही शकत नाही, त्याच्यासाठी त्या उपयोगी पडत नाहीत. बेवारस दिव्यांगांना अठरा वर्षांनंतरही त्याच बालगृहात आजीवन राहू देणारा कायदा व्हावा, ही मागणी पापळकर अनेक वर्षे शासनासमोर मांडत आले असून वझ्झरमधील बहुतेक 'मुले' आता प्रौढ झालेली आहेत.