एक जुने चित्र, दोन आमरी आणि जनुकांची साक्ष
#थ्रेड

सह्याद्रीत झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या दोन आमरी, म्हणजे ऑर्किड, अनेकांना चकवतात. डेंड्रोबियम बार्बाट्युलम आणि डेंड्रोबियम ओव्हॅटम. दोन्हींची फुले फिकट, दोन्हींना पाने गळल्यावर बहर. ओव्हॅटमच्या फुलाच्या गळ्यापाशी हिरवट छटा असते, एवढी एक खूण हाती लागते. फूल नसेल तर तीही नाही.

या गोंधळाचे एक टोक सतराव्या शतकात आहे. मलबारचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करविला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे छापला गेला. इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्यासोबत रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी भाषक विद्वान या कामी होते. त्यांचे १६७५चे प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत छापले आहे. आपल्या लिपीच्या मुद्रणेतिहासात या पानाची आठवण फारच कमी निघते, हे खटकते.

खुद्द ऱ्हीड १६९१ मध्ये मुंबईनजीक समुद्रातच वारला. बारावा खंड त्यानंतर आला आणि त्यात आमरींची चित्रे होती. लिनियसने १७५३ मध्ये अशाच एका चित्राच्या आधारे 'एपिडेंड्रम ओव्हॅटम' हे नाव दिले. पुढे जॉन लिंडली याने, भारतात कधीही न येता, १८३०मध्ये बार्बाट्युलमचे वर्णन केले. १८४४मध्ये त्याने आणखी एक प्रजाती वर्णिली, 'क्लोरॉप्स', अर्थात हिरव्या डोळ्याची. ती वस्तुतः लिनियसचीच ओव्हॅटम होती! १९१०मध्ये क्रेंझलिनने ते जुने नाव डेंड्रोबियम वंशात आणले.

आता जनुकशास्त्राकडे वळू. पानाच्या तुकड्यातून डीएनए काढून त्यातील ठरावीक भाग वाचायचा, हे 'डीएनए बारकोडिंग'. यासाठी २००९मध्ये हरितलवकातील 'मॅट-के' आणि 'आरबीसी-एल' या दोन जनुकांची आंतरराष्ट्रीय शिफारस झाली. २०१२मध्ये भारतीय संशोधकांनी पाफिओपेडिलम वंशातील ८ भारतीय प्रजातींवर ५ जनुकखंड तपासले. प्रजातींमधील सरासरी फरक जेमतेम ०.९ टक्के असूनही मॅट-केने आठही वेगळ्या ओळखल्या. उलट, आयटीएस या केंद्रकीय खंडात फरक ४.४ टक्के होता, तरी त्याने निम्म्याच ओळखल्या. अधिक फरक म्हणजे अधिक अचूक ओळख, हा समज येथे टिकत नाही.

त्या कामामागचा हेतूही ध्यानात घ्यावा: रानातून ओरबाडून विकल्या जाणाऱ्या रोपाला फूल नसते. सर्व आमरी साइट्स कराराच्या संरक्षणाखाली आहेत. पण पकडलेले रोप कोणते, हे आधी ठरवावे लागते.

मात्र हरितलवक बहुधा मातेकडूनच येते. त्यामुळे संकरित रोपात मॅट-के एकाच पालकाची साक्ष देतो. दुसऱ्यासाठी केंद्रकीय डीएनए वाचावाच लागतो.

आणि ओव्हॅटमपुढची अडचण तर वेगळीच. दोन रोपे भिन्न आहेत की नाहीत, एवढे जनुके सांगतील. परंतु लिनियसचे नाव त्यांतील कोणाचे, हे ठरवायला ऱ्हीडचे चित्रच पाहावे लागते. त्याने वाळवलेला नमुना मागे ठेवला नाही, आणि शाईतून डीएनए निघत नाही.