१८०४ चा डॉलर: खरी नोंद, फसवे वर्ष

#थ्रेड

१/ फिलाडेल्फिया येथील अमेरिकी टांकसाळीच्या नोंदींनुसार १८०४ साली चांदीचे १९,५७० डॉलर पाडले गेले. नोंद खोटी नाही. तरीही ‘१८०४’ हे वर्ष असलेला एकही डॉलर त्या वर्षी पडला नव्हता. हा विरोधाभास उलगडण्यात ठशांच्या अभ्यासाचा वाटा मोठा आहे.

२/ त्या काळी नाण्याचा ठसा बव्हंशी हातानेच घडे. लिबर्टीची प्रतिमा आणि गरुड यांचे तयार पंच असत. ते पोलादी ठशावर दाबून उमटवले जात. तारे, अक्षरे आणि वर्षाचे अंक मात्र कारागीर एकेक करून ठोकी. त्यामुळे दोन ठशांवर सारे तारे नेमके त्याच जागी बसणे जवळजवळ अशक्यच होते.

३/ अभ्यासकाचे सारे काम या चुकलेल्या जागांवर चालते. ताऱ्याचे टोक कोठे वळले आहे, वर्षाचा पहिला अंक केसांच्या बटेपासून किती दूर आहे, मागील बाजूस पानाचे टोक कोणत्या अक्षराखाली येते, हे भिंगाखाली पाहिले जाते. पुढचा एक व मागचा एक ठसा मिळून एक जोडी होते. जोडी बदलली की नाण्याचा प्रकार बदलला. १७९४ च्या डॉलरची एकच जोडी ज्ञात आहे. अर्ध्या डॉलरचे प्रकार मात्र शेकडो आहेत आणि संग्राहक आजही ते ॲल ओव्हर्टन यांच्या क्रमांकांनी ओळखतात.

४/ सततच्या आघातांनी ठशाला तडा जाई. ठशावरची भेग नाण्यावर उंचवट्याची रेघ होऊन उतरे आणि पुढच्या नाण्यांवर ती लांबत जाई. या रेघांवरून कोणते नाणे आधीचे, कोणते नंतरचे, हे ठरवता येते. (नोंदवहीला हे कधीच सांगता आले नसते!) ठसा घडवणे कष्टाचे असल्याने तो निकामी होईपर्यंत वापरला जाई, मग वर्ष उलटले तरी चालत असे. कधी जुन्या अंकावरच नवा अंक ठोकत. १८०२ च्या काही डॉलरांवर २ च्या खाली १ दिसतो. टांकसाळ मोजणी करी ती चालू वर्षाची. १८०४ मधील ते डॉलर १८०३ किंवा त्याआधीच्या ठशांनी पाडलेले होते.

५/ मग ‘१८०४’ आले कोठून? नोव्हेंबर १८३४ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मस्कत व सयामच्या राज्यकर्त्यांना भेट देण्यासाठी प्रचलित नाण्यांचे संच मागवले. डॉलर पाडणे कधीचेच थांबले होते. जुनी नोंद पाहून टांकसाळीने शेवटचे वर्ष म्हणून १८०४ धरले आणि त्या वर्षाचे नवे ठसे केले. दूत एडमंड रॉबर्ट्स ‘पीकॉक’ जहाजातून निघाले. अरबी समुद्रात खडकावर आदळलेले हे जहाज १८३५ मध्ये दुरुस्तीसाठी मुंबईलाही आले होते.

६/ हे डॉलर १८०४ चेच, असे अनेकांनी दीर्घकाळ मानले. १९६२ मध्ये एरिक न्यूमन आणि केनेथ ब्रेसेट यांच्या ग्रंथाने तो दावा मोडीत काढला. जुन्या डॉलरच्या काठाशी लांबट दाते असतात. येथे मण्यांची रेखीव किनार आहे. जुन्या नाण्यांच्या कडेवरील अक्षरे ठळक असतात. येथे ती चेपलेली आहेत. नाणे पाडताना चकतीभोवती घट्ट कडे बसवल्याने असे होते आणि ही पद्धत टांकसाळीत १८०४ नंतर बऱ्याच वर्षांनी आली.

७/ किंमत वाढताच टांकसाळीतूनच गुपचूप आणखी प्रती निघाल्या. त्यांनाही ठशानेच पकडले: मागील बाजूचा ठसा निराळा, ढग आणि अक्षरे यांच्या परस्पर जागा निराळ्या. आज ज्ञात असलेल्या सोळा नाण्यांपैकी आठ पहिल्या वर्गातील, सात तिसऱ्या वर्गातील. दुसऱ्या वर्गातील एकमेव नाणे स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. ते स्वित्झर्लंडमधील बर्न येथील नेमबाजी उत्सवाच्या नाण्यावर ठोकलेले असून, ‘१८०४’ मिरवणाऱ्या त्या डॉलरवर मूळ नाण्याचे १८५७ हे वर्ष अद्याप वाचता येते.